विषय : माझी आजची हालचाल

सलग सात महिने, रोज संध्याकाळी सहा वाजता, श्रावणनाना इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून आमच्या गावच्या पोलीस चौकीत जायचे आणि स्वतःविरुद्ध लेखी अहवाल देऊन यायचे.

थट्टा नाही. माझ्याकडे पोच-शिक्के मारलेल्या प्रती आहेत. एक सांगते :

"विषय : माझी आजची हालचाल. महोदय, आपण माझ्या ओट्यासमोरील खांबावर कॅमेरा बसवून माझी काळजी घेत आहात. तथापि, त्यात आवाज येत नसल्याने माझ्याबद्दलची माहिती अपुरी राहते. सबब खालीलप्रमाणे सादर. सकाळी ५.४० ला उठलो. ७.१० दाढी. ७.१६ डावा गाल कापला. ७.१७ एक शब्द उच्चारला, तो येथे लिहिण्यासारखा नाही. ११.३० ला सरकारबद्दल वाईट विचार मनात आला. ११.४५ पर्यंत राहिला. दुपारी झोप. स्वप्न आठवत नाही, आठवल्यास पुरवणी अहवाल देईन."

आमचं गाव दोंडाईच्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर आहे. नगरपंचायत आहे, तीन पक्षांचे सहा नेते आहेत, आणि नळाला आठ दिवसांनी पाणी येतं. कॅमेऱ्याला मात्र स्वतंत्र इन्व्हर्टर आहे. कॅमेरा बसवताना आम्हाला कोणी विचारलं नाही. ठराव नाही, नोटीस नाही. एक दिवस खांब आला, दुसऱ्या दिवशी नारळ फुटला, तिसऱ्या दिवसापासून आमच्या गल्लीतल्या बायका नळावर पाणी भरताना पदर सावरायला लागल्या. कारण कॅमेऱ्याचं तोंड रस्त्याकडे नाही, थेट नळाकडे आहे. मी धुळ्याला वकिलीचं शिकते आणि उरलेल्या वेळात पत्रकं काढते. तेव्हा पहिलं पत्रक त्याच रात्री लिहिलं, आणि गल्लीत लिहिता-वाचता आणि रिकामा असा एकच माणूस असल्यामुळे सकाळी नानांना दाखवलं.

नानांनी चष्मा पुसला, लाल पेन काढलं. वाचून झाल्यावर आपल्या अहिराणीत म्हणाले, "बेटा, धिक्कार बठ्ठा ठीक शे. पन टाइम कोठे शे?"

"कसला टाइम?"

"कॅमेरा कवय बसाडा? कोन व्हतं? किती वाजता? टाइम टाक. टाइम टाक्याबिगर तक्रार म्हणजे नुसता आरडाओरडा."

नाना छत्तीस वर्षं रेल्वेत केबिनमन होते, सुरत-भुसावळ मार्गावरच्या लहान लहान स्टेशनांवर, शेवटची काही वर्षं नरडाण्याला. गाडी गेली की रजिस्टरमध्ये वेळ, गाडी थांबली की वेळ, गाडी आलीच नाही तर तीही वेळ. निवृत्त होऊन बारा वर्षं झाली, रजिस्टर सुटलं, सवय सुटली नाही. दूधवाला आला की घड्याळ. शेजारचं भांडण सुरू झालं की घड्याळ. मंगळसूत्र घालताना मुहूर्त तीन मिनिटं चुकला, असं त्यांनी एका लग्नात भटजींना सर्वांसमक्ष सांगितलं होतं. नवरदेव घाबरला होता.

माझ्या त्या पत्रकात पाच "धिक्कार असो" होते. नानांनी चार खोडले. "एक राहू दे, गर्दी व्हस."

मला तेव्हा राग आला होता. मला राग पटकन येतो, माझं काम तेच आहे. पण खरं सांगते, त्यानंतर आमच्या पत्रकांना पहिल्यांदा लेखी उत्तरं यायला लागली. धिक्काराला उत्तर द्यावं लागत नाही. "दिनांक, वेळ, कोणाच्या आदेशाने" याला द्यावं लागतं.

अहवालांची कल्पना मात्र संपूर्ण त्यांची. चौकीतले हवालदार भाऊ आवक-जावक बघतात, तोंडात कायम सुपारी. पहिल्या दिवशी ते म्हणाले, "नाना, हे कशाला देता हो?"

"कॅमेरामां आवाज नही शे ना भाऊ. म्हनीसन लिखी देस."

"अहो पण तुम्ही काय गुन्हेगार आहात का?"

"ते तुम्ही ठरावा. मी माल पुरावस."

हवालदार भाऊंना कळेना रागवावं की हसावं, म्हणून त्यांनी शिक्का मारला. एकदा शिक्का बसला की सरकारला मागे फिरता येत नाही, हे नानांना माहीत होतं. दुसऱ्या दिवशी शिक्का, तिसऱ्या दिवशी शिक्का. महिनाभरात चौकीत नानांची वेगळी फाइल झाली, दोन महिन्यांत फाइलीला वेगळी दोरी.

मग आला दादांचा वाढदिवस. दादा म्हणजे आमच्या सहा नेत्यांपैकी एक, कोणते ते महत्त्वाचं नाही, फलकावर सगळे सारखेच दिसतात. हा भलामोठा फ्लेक्स, मध्ये दादा, खाली शुभेच्छुकांची चौदा मुंडकी. आणि तो बांधला कुठे? कॅमेऱ्याच्या खांबाला, कॅमेऱ्याच्या बरोबर पुढे. चार दिवस कॅमेरा दादांची पाठ बघत होता. पाचव्या दिवशी नानांचा अर्ज :

"सदर फलकामुळे शासकीय कॅमेऱ्याच्या दृष्टीस बाधा येत असून मी चार दिवसांपासून कोणाच्याही नजरेखाली नाही. या काळात माझ्या हातून काही बरंवाईट घडल्यास जबाबदारी कोणाची, याचा लेखी खुलासा व्हावा."

प्रत जिल्ह्याला. फ्लेक्स दुपारी उतरला. दादांची पोरं मोटारसायकली घेऊन ओट्यासमोर. "ओ नाना! दादांचा फ्लेक्स काढायला लावला?"

"मी कोठे? त्यानी काढी लिना," म्हणत नानांनी वर कॅमेऱ्याकडे बोट दाखवलं. पोरांनी वर पाहिलं. कॅमेऱ्यानं पोरांकडे पाहिलं. मोटारसायकली गेल्या.

पुढे चौकीनं फर्मान काढलं, घरी आलेल्या पाहुण्याची नोंद करा. दुसऱ्या आठवड्यात नानांची थोरली बहीण सोनगीरहून आली, वय ऐंशीच्या पुढे, गुडघे गेलेले. नाना तिला रिक्षात घालून आधी चौकीत घेऊन गेले, मग घरी. अक्कानं हवालदारांच्या टेबलासमोर बसून विचारलं, "काय रे भाऊ, भाऊना घर येवाले मी चोर शे का?" हवालदार भाऊंनी सुपारी गिळली. अक्काला चहा दिला, स्वतः रिक्षा बोलावून दिली. पाहुण्यांचं रजिस्टर त्यानंतर कोणाला दिसलं नाही.

असा माणूस. मी सभांमध्ये त्यांचं नाव घ्यायचे. मला वाटायचं, असे दहा म्हातारे प्रत्येक तालुक्यात असले तर या देशात कोणाची हिंमत होणार नाही. आजही वाटतं. आता मी केलेली गोष्ट सांगते.

कॅमेऱ्याचं तोंड फिरवा, एवढी साधी मागणी घेऊन आम्ही बायकांचा मोर्चा काढला. रिकामे हंडे डोक्यावर, गल्लीतून निघून नगरपंचायतीपर्यंत. घोषणा दणकून दिल्या. तासभर रस्ता अडवला. फोटो काढले. अभिमान वाटला.

आठ दिवसांनी अकरा जणींना नोटिसा आल्या. तुमच्यापासून शांतता भंग होण्याचा संभव आहे, तरी चांगल्या वर्तणुकीचं हमीपत्र का घेऊ नये, तहसीलदारांसमोर हजर राहा. अकराच्या अकरा नावं बरोबर, वडिलांच्या नावासकट. आणि त्यात मनीषा होती.

मनीषा माझ्याहून दोन वर्षांनी लहान. बाप हमाल. पोलीस भरतीसाठी पहाटे रस्त्यावर धावते. लेखी झाली होती, मैदानी झाली होती, चारित्र्य पडताळणी तेवढी बाकी होती. नोटीस हातात घेऊन ती माझ्या दारात आली, ती माझ्या हातात ठेवली आणि परत फिरली. भांडली असती तर बरं झालं असतं.

नावं दिली कोणी? गल्लीत एकच प्रश्न. आणि उत्तर तयार होतं. रोज चौकीत कोण जातं? लिहून कोण देतं? मिनिटामिनिटाची नोंद कोणाकडे? शिवाय मोर्चाच्या दिवसानंतर नानांचं चौकीत जाणं बंद झालं होतं. आम्ही म्हटलं, काम झालं, आता कशाला जाईल!

लोकांनी त्यांच्या ओट्यावर बसणं सोडलं. दूधवाल्यानं त्यांचं दूध दाराबाहेरच ठेवायला सुरुवात केली. मी पत्रक काढलं : "गल्लीतल्या खबऱ्यांचा जाहीर धिक्कार!" नाव नव्हतं, गरजही नव्हती. प्रत्येक दारात टाकलं. त्यांच्या दारात स्वतः टाकलं. लाल पेन घेऊन कोणी परत आणून दिलं नाही, तेव्हा मला वाटलं, शरम वाटली असेल.

तहसील कचेरीत सुनावणी झाली. तहसीलदार मॅडम, समोर हवालदार भाऊ, मागे आम्ही अकरा जणी. मॅडमनी विचारलं, "पुरावा?"

"फोटो आहे मॅडम."

फोटोची छापील प्रत पुढे आली. मी ती ओळखली. हंडे घेऊन ओळीनं उभ्या अकरा जणी, आणि खाली प्रत्येकीचं पूर्ण नाव. मोर्चाच्या संध्याकाळी मीच तो मोबाइलवरून सगळ्या ग्रुपवर टाकला होता. नावं मीच जोडली होती. "लढणाऱ्या रणरागिणी" असं वर लिहिलंही होतं. नजर ठेवणाऱ्या सरकारविरुद्ध लढणाऱ्या बाईनं सरकारला यादी तयार करून, सजवून दिली होती.

मनीषानं फोटोकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"यात तर नुसत्या उभ्या आहेत," मॅडम म्हणाल्या. "मोर्चाचं चित्रण? कॅमेरा आहे ना तिथे?"

"त्या दिवशी बंद होता मॅडम. दुरुस्ती."

"मग ही एवढी जाड फाइल कसली?"

हवालदार भाऊ खाली बघत म्हणाले, "ते तिथंच समोर राहतात मॅडम. रोज लिहून देतात. साहेबांनी म्हटलं, जोडून टाका."

फाइल जाड दिसावी म्हणून जोडलेली. वाचली कोणीच नव्हती. मॅडमनी वाचली. गालाच्या कापण्यापाशी त्या हसल्या, वाईट विचाराच्या पंधरा मिनिटांपाशी मोठ्यानं हसल्या. मग शेवटचा कागद, मोर्चाच्या दिवसाचा, त्यांनी मोठ्यानं वाचला :

"सकाळी १०.०५ ते १२.४०. ओट्यावर बसून होतो. समोर नळावर बायका पाणी भरत होत्या. हंडे नेहमीपेक्षा जास्त. घोषणा ऐकू आल्या नाहीत. रस्ता मोकळा. विशेष काही नाही."

"हे गृहस्थ खोटं लिहितात का?" मॅडमनी विचारलं.

हवालदार भाऊंनी सुपारी या गालातून त्या गालात नेली. "नाही मॅडम. शिंक आली तरी लिहितात. सात महिन्यांत एकही नोंद खोटी नाही."

मी उठायला निघाले होते. कबूल करते. मोर्चा झाला होता, मी काढला होता, आणि तो झालाच नाही असं सरकारी कागदावर जातंय हे मला सहन होईना. तेवढ्यात मनीषानं माझं मनगट धरलं. धावणारी मुलगी आहे, पकड घट्ट. मी बसले. नोटिसा रद्द झाल्या.

मोर्चाच्या दिवशी नळाला पाणीच नव्हतं. आठवा दिवस दुसऱ्या दिवशी होता. गल्लीतल्या शेंबड्या पोरालाही हे माहीत होतं.

मी एस.टी.तून उतरले ती तडक ओट्यावर. नाना एकटे बसले होते. शर्ट चुरगळलेला.

"नाना, तुम्ही खोटं लिहिलंत."

"हां."

"का?"

"केबिनमां एक खोटी नोंद म्हणजे एकच रुळवर दोन गाड्या. छत्तीस वरीस लिखी नही. त्या दिन लिखी. मनीषा भरतीना करता पयस, रोज सकाळे माले दिसस. अंधारामां निघस, उजाडावर परत येस. मंग म्हणं, आते आपली वही खोटी व्हयनी. खोटी वही कशाले न्यावानी? बंद करी टाकी."

म्हणून जाणं बंद झालं होतं. आणि आम्ही त्याचाच पुरावा केला होता.

"आम्ही सहा आठवडे तुम्हाला खबऱ्या म्हणत होतो, नाना. मी पत्रक काढलं. तुम्ही एका शब्दानं सांगायचं ना!"

"सांगतू तर त्यास्ले बी समजतं ना, कागद खोटा शे. पोरगी अटकती." मग, अजिबात न रागावता, जणू मला एक माहिती द्यायची राहिली होती, असं म्हणाले, "आनि कोनी इचारं बी नही, बेटा. तुम्ही बठ्ठा सरकारलेच इचारी ऱ्हायनात."

कॅमेऱ्याचं तोंड फिरवायचा आमचा अर्ज अजून पडून आहे. मनीषाची पडताळणी झाली. ती वर्दीत आली की तिच्या चौकीविरुद्धही पत्रक काढीन, तिला सांगून ठेवलंय, ती हसते. पण हे सगळं नंतरचं. त्या दिवशी ओट्यावर माफीचंही माझं वाक्य घोषणेसारखंच निघालं असतं. म्हणून मी चपला काढल्या, त्यांच्या शेजारी बसले आणि विचारलं,

"नाना, जेवलात का?"

त्यांनी सकाळपासून सुरुवात केली. चहा नासला कसा, कळण्याच्या भाकरीला चीर कशी गेली, सुरतेहून मुलाचा फोन येणार होता तो आला नाही, ठेचा कालचाच होता, कांदा फोडायला घेतला तर निम्मा सडका निघाला. मग कालचं. मग परवाचं. मग बायको गेल्यापासून ताट एकच काढायचं असतं तरी हात दुसऱ्याकडे जातो, ते.

मी मध्ये एकदाही बोलले नाही.