मासा लुचेपर्यंत

सुभानराव हवालदार परक्या प्रवाशांना मोटारीतून उतरवून कृष्णेवर नेत आणि मासा पायाला लुचेपर्यंत उठू देत नसत. ही गंमत म्हणून सांगत नाही, तक्रार म्हणून सांगतो आहे. वाईला मोटार-स्टँडासमोर माझं दुकान होतं आणि या गृहस्थांनी माझी गिऱ्हाइकं माझ्या डोळ्यांदेखत पळवली.

लढाईचे दिवस. पेट्रोल मिळेना, म्हणून मोटारींच्या पाठीला कोळशाची भट्टी बांधलेली, तिच्या गॅसवर गाडी चाले. साताऱ्याहून निघालेली गाडी वाईपर्यंत कशीबशी यायची. पुढं पसरणीचा घाट चढायचा तर राख काढा, नवा कोळसा भरा, इंजिनात पाणी ओता, यात अर्धा-पाऊण तास सहज जायचा. तेवढ्या वेळात पाचगणी-महाबळेश्वरच्या मंडळींनी माझ्याकडचा सोडा प्यावा, एवढीच माझी अपेक्षा. पण गाडी थांबायच्या आत दारापाशी सुभानराव. खाकी कोटाची बटणं गळ्यापर्यंत लावलेली, हातात छत्री.

"उतरा पावणं! वाईत येऊन किस्नाबाईत पाय सोडल्याबिगर कुठं चाललाय?"

कुणी म्हणे, "आम्ही ढोल्या गणपतीचं दर्शन घेऊन लगेच येतो."

"घ्या की. देवाला दोन मिनटं पुरत्यात, त्यो बसलेलाच हाय. नदीला येळ लागतो."

मी एकदा चिडून म्हणालो, "हवालदार, कृष्णामाईच्या पाया पडायचं असतं, तिला पाय लावायचे नसतात."

"का? आईच्या मांडीवर पाय ठेवूनच वाढलाईसा न्हवं?"

आता या माणसाशी काय बोलायचं!

नदीवर नेल्यावरही सरळपणे बघू देतील तर शपथ. पायऱ्या मोजायच्या नाहीत, देवळं कुणी बांधली ते विचारायचं नाही, घड्याळ खिशात ठेवायचं. खालच्या पायरीवर बसायचं, पाय पाण्यात सोडायचे आणि हलायचं नाही. पहिला मासा लुचला की सुट्टी. काही भाग्यवंतांना मासा लगेच भेटे. पुण्याच्या एका वकिलांना तो भेटलाच नाही. ते नदीवर राहिले आणि त्यांची वळकटी महाबळेश्वरला गेली. त्या रात्री वकीलसाहेब जेवले कुणाकडे? माझ्याकडे. पांघरूण कुणाचं? माझंच. आणि सुभानराव सकाळी येऊन त्यांना विचारतात, "मग, आज परत बसायचं का?"

याच वकिलांनी आदल्या दिवशी गाडीतून उतरताना एक चूक केली होती. ते म्हणाले होते, "आत्ता राहू द्या हो, येताना निवांत बसू." हे शब्द कानावर पडले की सुभानरावांचं डोकं फिरे. "येताना न्हाई! जाताना!" असे ओरडले की समोरचा गाडीवाला बैल थांबवून बघू लागला. वकिलांची छत्री काढून घेऊन हे पुढं चालू लागले. छत्रीमागं वकील.

मग माझ्या मामांची पाळी आली. मामा साताऱ्याच्या शाळेत ड्रॉइंगचे मास्तर. वर्षभर छातीच्या दुखण्यानं अंथरुणाला खिळलेले. पाचगणीच्या डॉक्टरांनी कळवलं होतं की दवाखान्यातली खाट दुपारपर्यंतच राखून ठेवतो, नंतर दुसऱ्याला देऊ. दिवसाकाठी तीच एक गाडी. वाईपासून मी मामांबरोबर जाणार होतो. मी आदल्या दिवशीच सुभानरावांना दम भरला, "उद्या माझे मामा येणार आहेत. त्यांना हात लावलात तर माझ्यासारखा वाईट माणूस नाही."

"व्हय व्हय," म्हणाले.

गाडी आली. मामांना दुकानापुढच्या बाकावर बसवून मी दूध आणायला आत गेलो. बाहेर येतो तो बाक रिकामा. मी हातातल्या पेल्यासकट धावत नदी गाठली. मामा धोतर गुडघ्यापर्यंत सारून, पाय पाण्यात सोडून बसलेले आणि सुभानराव त्यांच्यावर छत्री धरून उभे.

"आजारी माणसाला थंड पाण्यात बसवता? लाज नाही वाटत? यांची खाट गेली तर तुम्ही देणार आहात का?" मी तोंडाला येईल ते बोललो.

"ओरडू नकोस रे, मासे पळतात," मामा म्हणाले.

सुभानराव माझ्याकडं न बघता बोलले. "चार सालामागं आमच्या मंडळींना घिऊन ह्याच गाडीनं पाचगणीला गेलो. तिलाबी छातीचंच हुतं. हितं पाण्यापाशी जरा बसू म्हनली. म्या म्हनलं, गाडी चुकंल, येताना बसू." मामांवरची छत्री सरळ करत ते म्हणाले, "डाक्टर लय चांगला हुता. येताना म्या एकलाच."

माझा राग गेला नाही. तो माझ्यावरच उलटला. सोड्याच्या बाटल्यांपायी मी वर्षभर या माणसाला शिव्या घातल्या आणि एका शब्दानं कधी काही विचारलं नाही.

मामांनी मान वर केली. "हवालदार, इतक्या लोकांना बसवलंत. तुम्ही कधी बसलात?"

मामांनी त्यांच्या कोटाची बाही धरून खाली ओढली. सुभानराव वाकले. बुटांच्या नाड्या सोडायला त्यांना फार वेळ लागला. मग ते मामांशेजारी टेकले आणि पाय पाण्यात घातले. त्यांच्या पोटऱ्या पांढऱ्याफटक होत्या.

तेवढ्यात स्टँडावर मोटारीचा भोंगा वाजला. सुभानराव दचकून उठू लागले, "मास्तर, चला, गाडी! खाट जाईल तुमची!"

मी त्यांच्या खांद्यावर हात दाबून त्यांना खाली बसवलं आणि तसाच पळत सुटलो. गाडीच्या तोंडाशी जाऊन उभा राहिलो. दुपार व्हायला अजून पुष्कळ अवकाश होता, गाडी थोडी थांबली तरी खाट जाणार नव्हती, हे मला तेव्हा कुठं सुचत होतं. ड्रायव्हर ओरडला, प्रवासी ओरडले, मी सगळ्यांहून मोठ्यानं ओरडलो. सांगितलं, गाडी न्यायची तर माझ्या अंगावरून न्या.

"आवं, पर बसलंय तरी कोन तिकडं?" ड्रायव्हर वैतागून म्हणाला.

"माझे दोन मामा," मी म्हणालो.