पंधरा ग्लास पाणी

सकाळी सात वाजता माईंनी जेवणाच्या टेबलावर पंधरा ग्लास पाणी ओळीने मांडलं. घरात तेवढे ग्लास नव्हते, म्हणून शेवटचे चार कप होते. माणसं तीन, प्रत्येकी पाच. पहिली रांग अण्णांची, म्हणजे माईंच्या नवऱ्याची. दुसरी थोरल्याची, म्हणजे मुलाची. तिसरी त्यांची स्वतःची.

"मला पण?" थोरल्याने विचारलं. तो बेचाळीस वर्षांचा होता, कचेरीत त्याच्या हाताखाली सहा माणसं होती, आणि कंबर धरल्यामुळे तो सध्या प्रश्नचिन्हासारखा उभा राहत असे.

"तुला वेगळं पान वाढायचंय का? पी."

थोरला प्यायला.

त्या दिवशी तिघांच्या तीन तपासण्या होत्या. अण्णांच्या पोटाची सोनोग्राफी, थोरल्याच्या कंबरेचा एमआरआय आणि माईंच्या गुडघ्याचा एक्स-रे. तिन्ही एकाच दिवशी, एकाच ठिकाणी. हे माईंनीच जुळवून आणलं होतं. एका फेरीत तीन कामं होत असताना तीन फेऱ्या मारणारी माणसं त्यांच्या मते बिनडोक होती, आणि तशी माणसं जगात पुष्कळ होती.

सुनेचं म्हणणं वेगळं होतं. "मी रजा घेते, मी नेते सगळ्यांना," ती आदल्या दिवशी म्हणाली होती. "प्रत्येक तपासणीची तयारी वेगळी असते, माई."

"चाळीस वर्षं या घराचा दवाखाना मीच बघितलाय. तुझ्या नवऱ्याचा गोवरसुद्धा."

"बघितलात ना. पण यावेळी काही चुकलं, तर फाइल माझ्याकडे."

हे ती सर्वांसमोर म्हणाली. फाइल म्हणजे घरातल्या सगळ्या औषधपाण्याचे कागद असलेली निळी जाडजूड फाइल. ती माईंच्या कपाटात असे. कुणी शिंकलं तरी त्या फाइलकडे, म्हणजे माईंकडे, यावं लागे. फाइल गेली की मग अण्णांनी गोळी घेतली का, थोरल्याला तेल चोळायचं का शेक द्यायचा, हे सून ठरवणार. आज गोळी, उद्या भाजी, परवा सगळंच.

"बरं," माई म्हणाल्या. दुसरं काय म्हणणार? आणखी तीन माणसं ऐकत होती, त्यातली एक शेजारीण.

मग सुनेने तपासणी केंद्राचे तीन छापील कागद टेबलावर ठेवले; दुसऱ्या दिवशी तिला सकाळी लवकर कामावर जायचं होतं. "वाचून दाखवू का?"

"मला वाचता येत नाही का?"

येत होतं. दुकानाची पाटी, बसवरचा आकडा, लग्नपत्रिकेतली नावं, हे सगळं माई वाचत. पण हे कागद कुणीतरी मुंग्यांना शाईत बुडवून त्यांच्यावरून चालवल्यासारखे होते. चष्मा लावून, काढून, कागद जवळ धरून, लांब धरून झाला. एक ओळ पूर्ण होईस्तोवर तिची सुरुवात विसरायला होई. आणि "जरा वाच गं" हे तीन शब्द माईंनी सुनेला आजवर कधी म्हटले नव्हते.

त्यांना एवढं नक्की आठवत होतं की वेळ घेताना काउंटरवरच्या मुलीने तोंडी सगळं सांगितलं होतं. उपाशीपोटी या. पाच ग्लास पाणी पिऊन या आणि लघवी दाबून धरा. अंगावर धातूची वस्तू नको. अजिबात हलायचं नाही. यातलं कुणासाठी काय, ते मात्र त्या मुलीच्या बोलण्याच्या वेगात वाहून गेलं होतं. मग माईंनी शांत डोक्याने विचार केला. जास्तीची काळजी घेऊन कुणी मेल्याचं ऐकिवात नव्हतं. तेव्हा सगळं सगळ्यांना.

म्हणून तिघंही आदल्या संध्याकाळपासून उपाशी होते. म्हणून पंधरा ग्लास. आणि म्हणून, पाणी संपल्यावर, धातू.

माईंनी आपल्या अंगठ्या साबण लावून काढल्या. थोरल्याचा पट्टा, घड्याळ आणि फोन कपाटात गेले. अण्णांच्या पट्ट्याला पितळी बक्कल होतं, तोही गेला. अण्णांनी पँट डाव्या हाताने धरली.

"दात," माई म्हणाल्या.

"दात कशाला?"

"तार आहे त्याला."

दात वाटीत गेले.

"आता कानातलं यंत्र."

"अगं, मग मला ऐकू कसं येणार?"

"तुम्हाला काय ऐकायचंय तिथे? गाणं आहे का?"

यंत्रही वाटीत गेलं. त्यानंतर अण्णांच्या चेहऱ्यावर एक प्रकारची शांतता पसरली, ती दिवसभर टिकली.

फाइलीला लोखंडी क्लिप होती. माईंनी ती काढली आणि सुटे कागद काखेत धरले. दाराबाहेर आल्यावर हातातल्या किल्ल्यांकडे त्यांचं लक्ष गेलं. किल्ल्याही धातूच्याच. त्यांनी त्या आत भिरकावल्या आणि दार ओढून घेतलं. दार आपोआप बंद होणारं होतं. ते झालं.

टॅक्सीने पंधरा मिनिटांचा रस्ता. माई त्या रस्त्याने कित्येक वर्षं जात होत्या, पण त्याच्यावर अकरा गतिरोधक आहेत हे त्यांना त्या दिवशी कळलं. चौथ्याला थोरल्याने डोळे मिटले. सातव्याला अण्णांनी देवाचं नाव घेतलं, दात नसल्यामुळे कोणत्या देवाचं ते समजलं नाही. नवव्याला माई स्वतः टॅक्सीवाल्याला म्हणाल्या, "अरे, माणसं नेतोयस की बटाटे?"

केंद्रात पांढऱ्या भिंती, निळ्या खुर्च्या आणि एक पाण्याचं यंत्र होतं, ते थेंब थेंब गळत होतं. तिघंही त्याच्याकडे पाठ करून बसले.

"हलायचं नाही," माईंनी आठवण केली. तिघं पुतळ्यासारखे बसले. समोरच्या बाकावरच्या एका बाईने आपल्या लेकीला कोपराने ढोसून ते दाखवलं.

पहिलं बोलावणं थोरल्याला आलं. तो जाताना मागे वळून म्हणाला, "माई, मी एकदा पटकन जाऊन येऊ का?"

"इतकं धरलंस, आता शेवटी घाण करू नकोस. जा आत."

थोरला आत गेला. एमआरआयच्या माणसाने त्याला गाऊन दिला, धातूचं विचारलं, लांबट बोगद्यात झोपवलं, कानावर मोठे हेडफोन चढवले आणि हातात रबराचा फुगा दिला. "काही त्रास झाला तर दाबा. चाळीस मिनिटं. हलायचं नाही." थोरल्याला ही भाषा ओळखीची होती.

मग माईंचं नाव पुकारलं. एक्स-रेवाल्याने त्यांना एका पाटीसमोर उभं केलं, गुडघा सरळ करायला सांगितला, पलीकडे गेला, परत आला.

"झालं, आजी."

"काय झालं?"

"एक्स-रे."

"असा कसा झाला? मी कालपासून उपाशी आहे. पाच ग्लास पाणी प्यायलेय."

"एक्स-रेला?" तो माणूस चांगल्या घरातला असावा, कारण तो हसला नाही. "आजी, याला काही लागत नाही. फोटो काढल्यासारखंच. हाडं काय, पोट भरलेलं असो की रिकामं, दिसतात."

"मग पाणी कशाला असतं?"

"ते पोटाच्या सोनोग्राफीला. त्यात आवाजाच्या लाटा सोडतात आत. पोट रिकामं असलं की मध्ये वायू येत नाही, आणि लघवीची पिशवी भरलेली असली की तिच्यातून पलीकडचं नीट दिसतं. खिडकी पुसून घेतल्यासारखं."

"आणि धातू?"

"तो एमआरआयला. भलामोठा लोहचुंबक असतो त्यात. आवाज खूप, वेळ खूप, आणि हललं की चित्र फिसकटतं. त्या माणसाला आम्ही उलट सांगतो, आधी लघवीला जाऊन या म्हणून."

माई पाटीसमोर तशाच उभ्या राहिल्या. आयुष्यात त्यांचं काही चुकलं नव्हतं असं नाही, पण इतकं एकगठ्ठा कधी चुकलं नव्हतं. त्यांनी मनातल्या मनात हिशेब मांडला. एक्स-रे तर झाला. अण्णांना पाणी हवंच होतं, ते पोटात आहे. उरला थोरला. त्याला बाहेर काढून एकदा मोकळा करून परत आत घातला, तर कुणाला काही कळणार नव्हतं. फाइल कपाटातच राहणार होती.

गुडघ्याची पर्वा न करता त्या एमआरआयच्या दाराशी पोचल्या. दारावर लाल दिवा होता.

"माझा मुलगा आत आहे. त्याला दोन मिनिटं बाहेर काढा."

"बाई, मशीन चालू आहे. का?"

का, हे सांगायचं म्हणजे सगळंच सांगावं लागलं असतं.

"सहज," माई म्हणाल्या.

"सहज नाही काढता येत."

माई परतल्या. निदान अण्णा तरी, असं म्हणत त्यांनी खुर्च्यांकडे पाहिलं. अण्णांची खुर्ची रिकामी होती.

झालं होतं ते असं. काउंटरवरच्या मुलीने अण्णांचं नाव तीनदा पुकारलं. अण्णांना ऐकू येण्याचं काही कारण नव्हतं. चौथ्यांदा ती उठून समोर आली आणि तिने बोटाने सोनोग्राफीचं दार दाखवलं. त्या दाराला लागून दुसरं एक दार होतं. अण्णा अर्धा तास त्या दुसऱ्या दाराकडेच टक लावून बसले होते. कुणीतरी अखेर तिकडे बोट दाखवल्यावर त्यांनी जास्त विचार केला नाही.

माई पोचल्या तेव्हा ते त्या दारातून बाहेर येत होते. पँट हातात, चेहऱ्यावर तुरुंगातून सुटलेल्या माणसाचं तेज.

"झाली," ते म्हणाले. "उगाच घाबरवतात लोक. फारच सोपी तपासणी. डॉक्टरसुद्धा लागत नाही."

"अहो, ती तपासणी नव्हती!"

"काय?"

"ती मोरी होती!"

"थोरी? हो, मोठी होती. स्वच्छ पण होती."

सोनोग्राफीच्या डॉक्टरीणबाई दारात आल्या. "आजोबा, पिशवी भरलेली आहे ना?"

"नुकतीच रिकामी झाली," माई म्हणाल्या. खोटं बोलायचं तर पोटावर यंत्र फिरवल्यावर दिसलंच असतं. "माझी भरलेली आहे. माझी बघून चालेल का?"

"तुमच्या पोटाला काय झालंय?"

"काही नाही."

"मग नाही चालणार."

"पाणी पाजते ह्यांना परत. अर्ध्या तासात भरते."

माईंनी अण्णांपुढे ग्लास धरला. अण्णांनी तोंड घट्ट मिटलं. दात नसलेलं तोंड इतकं घट्ट मिटतं हे माईंना माहीत नव्हतं. "माझी झाली," ते कशीबशी फट पाडून म्हणाले.

तेवढ्यात एमआरआयच्या खोलीतून घंटा वाजली. अठ्ठावीस मिनिटं थोरला एका मोठ्या लोखंडी पिंपावर हातोडे पडल्यासारख्या आवाजात आईचा शब्द पाळत पडला होता. एकोणतिसाव्या मिनिटाला त्याने फुगा दाबला. नुसता दाबला नाही, पिळला. लाल दिवा विझला, दार उघडलं, आणि मागून उघडा गाऊन दोन्ही हातांनी सावरत थोरला सर्वांसमोरून गेला. बऱ्याच दिवसांत तो इतका ताठ चालला नव्हता.

माईही त्याच्या मागोमाग गेल्या. शेजारच्या दारात, बायकांच्या. आता थांबण्यात काही अर्थ नव्हता.

त्या परत आल्या तेव्हा काउंटरशी सून उभी होती. घरच्या तिघांपैकी एकाकडेही फोन नाही म्हटल्यावर त्या मुलीने कागदावरच्या नंबरला फोन लावला होता. सुनेने अण्णांची रिकामी बत्तिशी पाहिली, पँटवरची मूठ पाहिली, नवऱ्याचा गाऊन पाहिला. मग काउंटरवर जाऊन दोघांसाठी गुरुवारची वेळ मिळवली. एमआरआयचं अर्धं चित्र हललं होतं आणि उरलेलं निघालंच नव्हतं.

घरात शिरायलासुद्धा सुनेचीच किल्ली लागली. माईंनी काखेतले सुटे कागद टेबलावर ठेवले, कपाटातून रिकामी निळी फाइल आणि क्लिप आणली, आणि सुनेपुढे सरकवली.

"घे. बोलले होते मी."

"जेवा आधी," सून म्हणाली, आणि तिने फाइल घेतली. ती नको म्हणेल असं माईंना उगाच वाटलं होतं.

गुरुवारी सकाळी टेबलावर फाइल सुनेसमोर होती. माई खिडकीशी बसल्या होत्या, पाठ करून. आपला काही संबंध नाही हे पाठीवरूनही कळावं, अशी त्यांची बैठक होती.

"अण्णा, तुम्ही पाणी प्या. पाच ग्लास," सून म्हणाली.

अण्णांच्या कानात यंत्र होतं. त्यांना ऐकू आलं. त्यांनी माईंच्या पाठीकडे पाहिलं आणि ग्लासाला हात लावला नाही.

"आणि तुम्ही पोटभर खा. निघताना बाथरूमला जा," ती नवऱ्याला म्हणाली.

"माई, खाऊ?" थोरल्याने खिडकीला विचारलं.

"अहो, मी सांगतेय ना!"

"तू सांगतेयस गं. पण माई काही म्हणाली नाही."

पाच मिनिटं गेली. टॅक्सी खाली येऊन उभी राहिली. अण्णांसमोर पाणी भरलेलं, थोरल्यासमोर ताट भरलेलं. सुनेने फाइल मिटली. "माई, तुम्हीच सांगा बाई ह्यांना."

माई वळल्या. सांगायचं तर होतं, पण त्या कागदात मुंग्यांशिवाय त्यांना अजूनही काही दिसत नव्हतं. त्या उठल्या, खुर्ची ओढून टेबलाशी बसल्या.

"सांगते. आधी तू वाच. मोठ्याने. सावकाश. तुझं कुठे चुकतंय का बघते."

सुनेने त्यांच्याकडे जरा वेळ पाहिलं. मग फाइल उघडली आणि एकेक ओळ बोट ठेवून वाचली.

"'रुग्णाने तपासणीपूर्वी एक तास चार ते पाच ग्लास पाणी प्यावे.'"

"अहो, प्या," माई म्हणाल्या. अण्णा प्यायले.

"'एमआरआयपूर्वी रुग्णाने लघवीस जाऊन यावे.'"

"थोरल्या, खाऊन घे. मग जा." थोरल्याने पहिला घास घेतला.

"संपलं?" माईंनी विचारलं.

"तुमचा तिसरा कागद आहे. पण तुमचा एक्स-रे झालाय."

"तरी वाच."

"'एक्स-रेसाठी कोणतीही पूर्वतयारी आवश्यक नाही.'"

माईंनी ते दुसऱ्यांदा वाचायला लावलं. मग कागद हातात घेतला, लांब धरला, उलटून मागची कोरी बाजूही पाहिली.

"एवढंसं सांगायला एवढा कागद," त्या म्हणाल्या. "पुढच्या वेळी त्यांना म्हणावं, अक्षरं जरा मोठी छापा. अण्णांना दिसत नाहीत."