तीनशे बारा झाकणं

अभिलेखागारातल्या पेट्यांचे आकडे झाकणावरच चिकटवायचे, असा हुकूम साहेबांनी मागच्या महिन्यात सोडला, तेव्हा सहायक बाई एकदाच बोलल्या होत्या. "साहेब, आकडा पेटीच्या अंगावर हवा. झाकण काय, आज इथं, उद्या तिथं."

"बाई, पस्तीस वर्षं झाली मला. झाकणावरचा आकडा उभ्या उभ्या दिसतो, वाकावं लागत नाही."

कागदांचं कल्याण गेलं खड्ड्यात, साहेबांची कंबर महत्त्वाची. फोल्डरांचंही तेच. प्रत्येक पेटीत पुन्हा एकपासून वीसपर्यंत, आणि पेटीचा आकडा फोल्डरवर नाहीच. "झाकणावर आहे की!" महिनाअखेरीला हे ध्यान निवृत्त होणार होतं आणि त्याची खुर्ची बाईंना मिळणार होती. नऊ वर्षं कळ काढलेली, आता कुठं भांडत बसायचं?

शेवटच्या आठवड्यात संचालकबाई पाहणीला येणार म्हटल्यावर साहेबांच्या अंगात आलं. बाई बैठकीहून परतल्या, तर सगळ्या पेट्या फडताळांतून काढून जमिनीवर कशाही मांडलेल्या, उघड्याबोडक्या, आणि तीनशे बारा झाकणं व्हरांड्यात पुसून एकावर एक रचलेली.

"कुठलं झाकण कुठल्या पेटीचं?" बाईंनी वरचं झाकण उचलून विचारलं.

"सगळी एकाच मापाची आहेत," शिपाई म्हणाला. "कुठलंही बसतं. मी बसवून बघितलं ना."

"फोल्डर बघून लावू," साहेब म्हणाले. फोल्डर काढला, सहा नंबरचा. शेजारच्या पेटीतही सहा नंबर होताच. मग साहेबांनी अक्कल पाजळली आणि दिसेल त्या पेटीवर हाताला येईल ते झाकण घातलं.

संचालकबाईंनी पेटी सत्तेचाळीस, फोल्डर सहा मागितला. इमारतीचा नकाशा हवा होता, निघाली मोडक्या खुर्च्यांची यादी. बाई याच घडीची वाट बघत होत्या. त्यांनी झाकणांपासून फोल्डरांपर्यंत सगळं भडाभडा सांगून टाकलं.

"म्हणजे कुठल्या पेटीत काय ठेवलं, हे एकट्या साहेबांनाच ठाऊक?"

"एकट्या त्यांनाच," बाई ठासून म्हणाल्या. "हा सगळा त्यांचाच कारभार."

"मग त्यांना जाऊ कसं द्यायचं?" संचालकबाईंनी पेन काढलं. "सगळं लागेपर्यंत साहेबांना मुदतवाढ. दोन वर्षं तरी लागतील."

साहेबांनी नम्रपणे मान डोलावली, खुर्ची पुढे ओढली आणि ऐसपैस बसले.

"चला बाई," ते म्हणाले, "एक पेटी आणा बघू."