चिमीचे दात

आमच्या शेजारचे दामूकाका रोज संध्याकाळी मांजरीचे दात घासतात. नव्या माणसाला हे सांगितलं की तो हसतो. मग मी पुढचं सांगते, की दात घासून झाले की मांजर बोलते आणि काका तिला उत्तर देतात. तेव्हा तो हसायचा थांबतो.

कोन गावात आमची दारं समोरासमोर आहेत. काकांची सगळी उमर कापड विणायच्या लूमवर गेली. त्या खडखडाटात कान गेले, पण तिथली माणसं एकमेकांचे ओठ बघून बोलतात, ती विद्या राहिली. त्यांच्याशी कुजबुजलात तरी चालतं, फक्त तोंड त्यांच्याकडे हवं. पाठमोरं बोललात की म्हणणार, "तोंड दाव."

चिमी पांढरी आहे आणि मुकी. मी तिचा आवाज कधी ऐकलेला नाही. ती काकांकडे बघत नुसतं तोंड उघडते, मिटते, पुन्हा उघडते. काका एकटक बघतात आणि म्हणतात, "बरं, सांगतो तिला." मग मला निरोप. गॅसची नळी बघून घे, चिमी म्हणते. मी कपाळाला हात लावला, तरी नळी बघितली. मागच्या बाजूने तडकलेली होती. तेव्हापासून त्या घरात मी मांजरीकडे पाठ करत नाही आणि तिच्यादेखत नवऱ्याविषयी अवाक्षर काढत नाही.

दात घासायचा थाट बघण्यासारखा. मऊ मलमलची पट्टी बोटाला गुंडाळायची, तिच्यावर डॉक्टरकडची खास मांजरांची पेस्ट. एकदा मी आमची पेस्ट पुढे केली, तर काकांनी असं बघितलं जसं काही मी विषच आणलंय. माणसांची पेस्ट मांजराला बाधते, हे नंतर आठवडाभर ऐकावं लागलं. चिमीला मांडीवर घ्यायचं, ओठ हळूच उचलायचा, दातांची बाहेरची बाजू पुसायची, हिरड्या लाल आहेत का बघायच्या. तोंडाचा वास मात्र मी घ्यायचा, कारण काकांना आपल्या नाकाचा भरवसा नाही. पूर्णा गावातल्या गोदामात दिवसभर राबून यायचं आणि मांजरीचं तोंड हुंगायचं, असे माझे भोग.

एका रविवारी तो वास सडका आला. चिमी खाताना मान वाकडी करत होती. डॉक्टर म्हणाले, घासणं सुरू झालं तेव्हाच रोग मुळाशी गेला होता, आता बहुतेक सगळे दात काढावे लागतील. मांजर दातांशिवायही मजेत जगते. मला हायसं वाटलं, पण काका पांढरेफटक पडले.

"दात गेले तर ती बोलंल ते मला समजंल कसं?" घरी आल्यावर त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, काका, मांजर आहे ती. त्यांनी माझ्या ओठांवरची नजर काढून घेतली. मग पहिल्यांदाच वेणूकाकींबद्दल, त्यांच्या बायकोबद्दल बोलले. मी इथे राहायला येण्याआधीच त्या गेल्या. शेवटी इस्पितळात त्यांची कवळी काढून ठेवली होती.

"वेनू सारखी कायतरी सांगत व्हती. ओठ आत गेलेलं. जन्मभर माझं ओठ वाचायचं चुकलं न्हाय, आन् तिचंच शेवटचं समजलं न्हाय."

थोड्याच दिवसांनी ही मांजरी दारात येऊन बसली आणि त्यांच्याकडे बघून तोंड हलवू लागली. आज ना उद्या ती ते राहिलेलं सांगेल, याची काकांना खात्री होती. माझ्या अंगावर काटा आला आणि वाईटही फार वाटलं.

चिमीने त्यानंतर दुधालाही तोंड लावलं नाही. तिचं दुखणं बघवेना, तेव्हा काका आपणच तिला पिशवीत घेऊन उठले. रिक्षात सारखं तिला विनवत होते, काय सांगायचं ते आत्ताच सांग. चिमीने तोंड घट्ट मिटून घेतलं होतं.

दात काढले, जखमा भरल्या. आता ती मऊ कालवलेला मासळी-भात खाते. परवा मी गेले, तर ती काकांसमोर बसून तोंड हलवत होती, कितीतरी वेळ, आवाज न करता. काका मान डोलावत "हो, हो" म्हणत होते. मी त्यांच्यासमोर जाऊन विचारलं, कळलं का काही?

"न्हाय," काका म्हणाले. "तवा वेनूपाशी मी नुसता बघत बसलेलो. आता हो तरी म्हनतो."