पसाभर कोंडा आणि इन्कमटॅक्स

"पनवेलपासून उरणपर्यंतच्या टापूत माझ्या नजरेतून सुटेल अशी वस्तू अजून जन्मायची आहे. चपलेच्या आवाजावरून मी माणसाचा पगार सांगतो. ढेकरेवरून त्याच्या घरची परिस्थिती सांगतो. असा माणूस मिठाच्या कंपनीत कारकुनी करतो, हे देशाचं नुकसान आहे."

आमचे हे, म्हणजे दिनानाथ म्हात्रे, स्वतःविषयी असं सांगतात. परवा सांगत होते तेव्हा त्यांच्या सदऱ्याची बटणं एकेक घर चुकून लागली होती. मी ती सोडून पुन्हा लावली. प्रत्येक गुप्तहेराला मदतनीस लागतो. यांना मी आहे.

यांचं सर्वांत गाजलेलं प्रकरण म्हणजे सुक्या बोंबलांची चोरी. त्यात यांनी एका मांजराचा आठवडाभर पाठलाग केला. बोंबील सासूबाईंनी शेजारच्या पत्र्यावर उन्हात घातले होते. मांजर मात्र त्यानंतर आमच्या आळीत दिसलं नाही.

तर हे इन्कमटॅक्सचं प्रकरण. नये पैसे नुकतेच सुरू झाले होते, त्या दिवसांतलं. एका दुपारी पोस्टमनने सरकारी लिफाफा दिला. छत्तीस रुपये आणि वर काही नये पैसे, महिन्याच्या आत भरा. इन्कमटॅक्स हा मुंबईच्या शेठ लोकांना होतो, मधुमेहासारखा, अशी आमची समजूत होती. आमच्या घरात तो कुणाला झाला नव्हता.

छत्तीस रुपये म्हणजे काळूराम गवळ्याचं दोन महिन्यांचं दूध. शकू जन्मली तेव्हा ओंजळीत मावेल एवढी होती. डॉक्टरांनी तिला वरचं दूध सांगितलं होतं, आणि आता कुठे तिच्या मनगटाला वळी पडायला लागली होती. बिल भरायचं तर रतीब बंद करावा लागणार, हे उघड होतं.

"मंग पेज पाजा," सासूबाई म्हणाल्या. "आमी पेजेवरच वाढलो."

मी शकूचं मनगट तेवढं पुन्हा चाचपून पाहिलं.

"यात घरभेदी आहे," हे येरझाऱ्या घालत म्हणाले. "माझा पगार सरकारला कुणी सांगितला?"

"कंपनीने," मी म्हटलं.

"इतकं सोपं असतं तर जगात गुप्तहेर कशाला लागले असते?"

पहिला संशय काळूरामवर गेला. तो रोज दाराशी येतो, आत डोकावतो, आणि कमी बोलतो. कमी बोलणारा माणूस यांना चालत नाही.

"काळूराम, तू सरकारला काय काय सांगतोस?"

"दादा, सरकार इचारील तं दुधात पानी किती घालतोस त्ये इचारील. त्ये मी कुणालाच नाय सांगत."

"माणूस प्रामाणिक आहे," यांनी मला आत येऊन सांगितलं. काळूराम सुटला.

दुसरा संशय नव्या नाण्यांवर. आण्यांचे नये पैसे करताना कुणीतरी रक्कम फुगवली, असं यांना वाटलं. संध्याकाळपर्यंत यांनी गुणाकार-भागाकार केले. उत्तर एकेचाळीस रुपये आलं. हा सिद्धान्त यांनी घाईने सोडून दिला.

उरला कमळाकर. हा यांच्या कचेरीतला, शेजारच्याच टेबलावरचा. त्याने मागे एकदा "मजा आहे बुवा तुझी" असं म्हटलं होतं. यांनी त्याच्यावर पाळत ठेवायचं ठरवलं आणि एस.टी. स्टँडवर वर्तमानपत्राच्या आड उभे राहिले. कमळाकर सरळ यांच्याकडे आला, म्हणाला, "दिनू, मधलं पान दे रे," आणि मग बोलत बोलत यांच्याबरोबर आमच्या घरी चहाला आला. संशयिताला जाळ्यात आणलं, असं हे मला स्वयंपाकघरात म्हणाले.

"तुला इन्कमटॅक्सचं बिल आलं?" यांनी कप ठेवायच्या आत विचारलं.

"नाही."

यांची डावी भुवई वर गेली. गुन्हेगार सापडला की ती जाते. "पगार तोच. बोनस तोच. मला आलं, तुला नाही. का?"

"मला चार पोरं आहेत."

"बारशाची आमंत्रणं नकोत. उत्तर दे."

"उत्तरच देतोय. सरकारने मर्यादा खाली आणली, पण पोरं असतील त्याला सूट ठेवली. कॅशियर टेबलाटेबलाशी विचारत नव्हता का, मुलं किती म्हणून? एक जरी असतं तरी तू वाचला असतास." कमळाकरने बशीतला चहा संपवला आणि आवाज मऊ करून माझ्याकडे पाहिलं. "मनाला लावून घेऊ नका, वहिनी. आमच्या भावजयीला नवव्या वर्षी दिवस राहिले."

माझ्या मांडीवर शकू माझं मंगळसूत्र चघळत होती.

"मग ही कोण?" मी विचारलं.

"ही शेजारच्या ठमाबाईंची ना? दिनूच म्हणाला."

आता हे सांगायलाच हवं. आमच्याकडे पोर जगेल की नाही अशी भीती वाटली की विकतात. शकू बाराव्या दिवशीही नीट रडेना, तेव्हा सासूबाईंनी तिला सुपात घातलं आणि ठमाबाईंना पसाभर कोंड्याला विकून टाकलं. ज्याची कुणाची वाईट नजर असेल त्याने खुशाल आमच्या दारात यावं. पोर आमची नाहीच. ती चालायला लागेपर्यंत तिला आपली म्हणायचं नाही, अशी सासूबाईंनी आम्हा दोघांना शपथ घातली होती. मी अकरा महिने तिला पाजलं, न्हाऊ घातलं, अंगाई म्हटली, आणि कुणी विचारलं की "ठमामावशींची" म्हटलं.

"कॅशियरला तुम्ही काय सांगितलंत?" मी यांना विचारलं.

"शपथ होती. एकही नाही म्हणालो."

"इन्कमटॅक्सवाल्यांची नजर लागते?"

"लागलेली दिसतेच आहे," हे म्हणाले.

एवढ्यात कुंपणापलीकडून सगळं ऐकून ठमाबाई आल्या. "मंग ती सूट माजी. पोर माजी हाय."

"तुला पगार तरी हाय का, ठमे?" सासूबाईंनी विचारलं.

"नसू दे. ठेवीन बाजूला. कवा लागंल काय सांगता येतंय?"

कमळाकरने उठायचं म्हटलं, पण उठला नाही.

"परत विकत घ्यायची तिला, आणि उद्या कचेरीत सांगायचं," हे म्हणाले.

"चालल्याबिगर नाय," सासूबाई म्हणाल्या. "पैसं भरून टाक. पैसं येतील. पोर गेली तं नाय येणार." त्यांना कराची नाही, सुपातल्या त्या बाराव्या दिवसाची आठवण होती.

लग्न होऊन आल्यापासून मी त्यांना उलट बोलले नव्हते. त्या दिवशी बोलले. "आई, पेज पिऊन ती चालणार कधी?"

सासूबाईंनी शकूकडे पाहिलं. शकूने त्यांच्याकडे पाहून मोठ्यांदा ढेकर दिली. परिस्थिती बरी असल्याची एवढी स्पष्ट खूण यांनीसुद्धा ओळखली. सासूबाई उठल्या आणि सूप घेऊन आल्या.

"पसाभर कोंड्याला घेतलेली," ठमाबाई म्हणाल्या, "पर आता वजनावर देईन."

"वजन आमच्या दुधाचं हाय!"

"मंग पसाभर तांदूल. नि येत्या ऐतवारी जिताडा केलात तं माजं ताट."

"माशाचं डोकं नाय मिलनार."

"शेपटी तरी?"

"मधली तुकडी देईन, जा."

सौदा ठरला. शकू सुपात मावेना. पाय बाहेर लोंबत होते. ठमाबाईंनी तिच्या गालाचा मुका घेतला, "घे तुजी पोर," म्हणाल्या आणि पदराने नाक पुसलं. मी शकूला उचललं. ती मला काही नवी नव्हती, तरी मी तिला बराच वेळ खाली ठेवलं नाही.

"धागा घरातच आहे, हे मला पहिल्यापासून वाटत होतं," यांनी कमळाकरला सांगितलं.

बिल पुढे रद्द झालं. काळूरामचा रतीब एक दिवसही चुकला नाही, आणि पाणीही. पण दुसऱ्या दिवशी कचेरीत अर्ज करताना जे झालं, ते कमळाकर अजून सांगतो.

"मुलं?" कॅशियरने विचारलं.

"एक. मुलगी," हे म्हणाले.

"वय?"

"अकरा महिने."

कॅशियरने टाक खाली ठेवला. "म्हात्रे, मागे विचारलं तेव्हा तुम्ही एकही नाही म्हणालात. ही तुम्हाला कधीपासून आहे?"

"काल संध्याकाळपासून," हे म्हणाले.