निकमचा बिशप

आमच्या खात्यातला निकम सगळ्या जगावर खेकसायचा. आवाज उतरायचा तो फक्त नखाएवढ्या एका चांदीच्या नाण्यासमोर.

मशीन बसवायला आलेल्या एका जर्मन फिटरनं ते त्याला परत जाताना दिलं होतं. तिकडे तीन-चारशे वर्षांपूर्वी काही बिशप राज्यही करत, स्वतःची नाणी पाडत. नाण्याच्या एका बाजूला बिशपचं राजचिन्ह, दुसऱ्या बाजूला हातात तलवार घेतलेला त्यांचा संत. बिशपांचा हा कारभार निकमला मुळीच मान्य नव्हता. "देवाचं करायचं तर देवाचं करा, राव! टांकसाळी कसल्या काढता?" असं तो कँटीनमध्ये टेबलावर हात आपटून विचारी. जणू समोर उसळ खात बसलेले आम्हीच बिशप!

नाणं मायक्रोमीटरच्या मखमली पेटीत असे. बघायचं, हात लावायचा नाही. काळेपणा हे त्याचं वय; घासलं की चेहरा जातो, हे आम्ही कितीदा ऐकलं असेल. स्टोअरच्या कदमनं एकदा ते रुमालानं पुसलं.

"बुद्धी गहाण टाकली का?" निकम कडाडला.

"भावा, पुसलंय. गिळलं न्हाई."

दिवाळीपर्यंत निकम त्याच्याशी बोलला नाही.

पुढे पुण्यातल्या एका प्रदर्शनात ते नाणं मांडायचं ठरलं. निकम इस्त्रीचा शर्ट घालून तयार. मी त्याला न्यायला चिंचवडच्या खोलीवर गेलो, तर पेटी रिकामी. चाकणकडच्या गावाहून नुकतीच राहायला आलेली त्याची आई देव्हाऱ्यापुढे बसून चिंच आणि राखेनं नाणं घासत होती.

"खंडोबाचा टाक हाय न्हवं? किती काळा ठिवलाय रं देव!"

वाटण्या झाल्या तेव्हा घरातले देवांचे टाक थोरल्याकडे गेले होते. तेव्हापासून म्हातारी रिकाम्या तबकाला फुलं वाहत होती.

निकमचे कान लाल झाले. आता हा आईवर ओरडणार, आणि ते बघायला मी इथं उगाच आलो, असं मला झालं. त्यानं नाणं उजेडात धरलं. संताचं नाक, डोळे, सगळं सपाट. तलवार तेवढी शिल्लक.

"तू हो पुढं," तो माझ्याकडे न बघता म्हणाला. "त्यांना सांग, हरवलं."

मग मांडी घालून आईशेजारी बसला.

"व्हय, खंडोबाच हाय. भंडारा कुठं ठिवलास?"