सातव्या बाई आणि अर्धी किल्ली

मोठ्या बाईंचं लक्ष गेलं ते पाण्याच्या बाटलीकडे. नव्या बाईंची ती निळी बाटली सकाळी भरून यायची आणि संध्याकाळी तशीच भरलेली घरी जायची. पाणीपुरवठ्याच्या तक्रारी घेणाऱ्या कार्यालयात एक बाई दिवसभर तहानलेली बसते, हे मोठ्या बाईंना काही केल्या पटेना. त्या हेडक्लार्क होत्या आणि बत्तीस वर्षांच्या नोकरीत न पटलेली गोष्ट त्यांनी एकदाही गिळली नव्हती.

"पाणी का पीत नाही हो तुम्ही?"

"प्यायल्यावर जायचं कुठे?" नव्या बाई हळूच म्हणाल्या.

नव्या बाई ट्रान्स होत्या. पूर्वी दुसऱ्या शाखेत त्या पुरुषाच्या नावाने नोकरीला होत्या. आता नाव नवं, ओळखपत्र नवं, कागदपत्रं सगळी रीतसर. बायकांच्या स्वच्छतागृहाची किल्ली मात्र साहेबांच्या खुर्चीमागे खिळ्याला टांगलेली असायची आणि ती काही साहेब त्यांना देत नव्हते. बाकीच्या पाच जणींची हरकत नव्हती. टायपिस्ट बाईंचं म्हणणं एवढंच, की जी कुणी जाईल तिने नळ नीट बंद करावा. साहेब माणूस वाईट नव्हता. निर्णय घ्यायची वेळ आली की तो वरच्यांवर ढकलायचा, इतकंच.

"वरून पत्र येऊ द्या," मोठ्या बाईंनी किल्लीचं विचारलं तेव्हा साहेब म्हणाले. "तोवर घ्या म्हणावं जरा सांभाळून."

"सांभाळून म्हणजे कसं, ते एकदा तुम्हीच करून दाखवा."

साहेबांनी फायलीत डोकं घातलं.

मोठ्या बाईंनी मनाशी पक्कं केलं. जेवणाच्या सुट्टीत त्यांनी वहीत सही करून स्वतःच्या नावावर किल्ली घेतली आणि तडक कोपऱ्यावरच्या किल्लीवाल्याला गाठलं. त्याने पाच मिनिटांत तशीच दुसरी घासून दिली. नव्या बाईंना आधी विचारावं, हे मोठ्या बाईंच्या डोक्यातही आलं नाही. चांगलं काम करताना त्या कुणाला विचारत बसत नसत.

नवी किल्ली कुलपात गेली, पण फिरेना. मोठ्या बाईंनी जोर लावला. गच्च बसलेलं लोखंडी कपाट उघडायला शिपाई ज्यांना बोलवायचा, त्या बाईंचा जोर तो! कट्ट आवाज झाला. अर्धी किल्ली त्यांच्या हातात राहिली आणि अर्धी कुलपात. आता जुनी किल्लीही आत जाईना. जे दार एका बाईला बंद होतं, ते मोठ्या बाईंनी सातही जणींना बंद करून ठेवलं.

"कमाल केलीत बाई!" टायपिस्ट बाई उखडल्या. "भलं करायला गेलात आणि आमची पंचाईत करून बसलात!"

"चूक माझी आहे. निस्तरते मीच."

साहेबांनी कपाळाला हात लावला. "सुतार बोलवायचा तर मंजुरी लागते. वरून पत्र..."

"येऊ द्या सावकाश," मोठ्या बाई म्हणाल्या आणि सगळ्या जणींना घेऊन पुरुषांच्या स्वच्छतागृहाकडे निघाल्या. नव्या बाई जागेवरच बसून होत्या, तर त्यांना दंडाला धरून रांगेत उभं केलं. कडीला पिवळं फडकं अडकवलं. फडकं दिसलं की आत बायका आहेत, पुरुषांनी थांबायचं.

साहेबांना दर तासाला चहा लागे, आणि चहानंतर काय लागे ते सगळ्या कार्यालयाला ठाऊक होतं. ते जेव्हा जेव्हा घाईने बाहेर पडत, तेव्हा तेव्हा फडकं त्यांच्या स्वागताला हजर असे. दुसऱ्या दिवशी अकरा वाजता त्यांनी मोठ्या बाईंना आत बोलावलं. ते उभेच होते.

"बाई, काहीतरी करा हो!"

"नियम चौदा," मोठ्या बाई पुस्तक न उघडता म्हणाल्या. "सात किंवा जास्त कर्मचाऱ्यांना दुरुस्तीवाचून अडत असेल, तर कार्यालयप्रमुख स्वतःच आदेश काढू शकतात. पत्र लागत नाही."

"मग काल का नाही सांगितलंत?"

"काल तुम्हाला घाई नव्हती. बायका किती ते लिहा, तुमच्या हाताने."

साहेबांनी बोटं मोजली. "सहा."

"सहा जणी नाही बसत नियमात."

"पुरुष धरले तर?"

"पुरुषांचं दार उघडं आहे की. रांगेत उभे राहा."

साहेबांनी एका पायावरचा भार दुसऱ्या पायावर टाकला. काचेतून बाहेर पाहिलं. कोपऱ्यातल्या टेबलावर नव्या बाई मान खाली घालून तक्रारी नोंदवत होत्या, शेजारी भरलेली निळी बाटली.

"पुन्हा मोजा, साहेब," मोठ्या बाई म्हणाल्या. "मी थांबते. मला काही घाई नाही."

साहेबांनी पेन उचललं. 'या कार्यालयातील सात महिला कर्मचाऱ्यांची गैरसोय होत असल्याने कुलूप तातडीने दुरुस्त करावे व किल्ली सातही जणींना उपलब्ध असावी.' सही केली, शिक्का मारला आणि ते दाराबाहेर जवळजवळ पळालेच. मोठ्या बाईंना एकदम भरून आलं. त्यांनी उगाचच चष्मा पुसला, आदेशाची एक प्रत फळ्यावर लावली आणि सुताराला फोन केला. सुतार म्हणाला, परवा येतो.

"परवा!" सगळ्या जणी एकदम ओरडल्या.

नव्या बाई उठल्या. फळ्यावरचा आदेश त्यांनी सावकाश, दोनदा वाचला. मग पर्समधून बारीक चिमटा काढला, केसातली पिन काढली आणि त्या कुलपापाशी वाकल्या. दोन मिनिटांत किल्लीचा तुकडा त्यांच्या तळहातावर होता.

मोठ्या बाई बघतच राहिल्या. "हे कुठे शिकलात?"

"वडिलांचं कुलपांचं दुकान आहे. लहानपण तिथेच गेलं माझं."

"मग कालच का नाही बोललात? साहेबांचे हाल झाले, सगळ्यांची बोलणी मी खाल्ली!"

नव्या बाईंनी बाटलीचं झाकण उघडलं, घटाघटा अर्धी बाटली संपवली आणि ओठ पुसले.

"बोलणारच होते हो. पण म्हटलं, आधी पत्र येऊ द्यावं."